निवृत्ती नसलेल्यांचं म्हातारपण

असीरगडावर अश्वत्थामा राहतो, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात भेटतात आणि सीमेअलीकडे, महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरातही भेटतात. किल्ल्यावरच्या महादेवाच्या पिंडीवर रोज पहाटे कुणीतरी ताजं फूल वाहून गेलेलं असतं. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तेल-हळद मागतो. लोककथा एवढ्यावर थांबते. महाभारताच्या सौप्तिक पर्वातला शाप मात्र चांगला कलमवार आहे: तीन हजार वर्षं भटकत राहशील, सोबतीला कुणी नसेल, बोलायला कुणी नसेल, अंगाला पू-रक्ताची दुर्गंधी येईल आणि माणसांच्या वस्तीत तुला जागा मिळणार नाही. एकटेपण, बरा न होणारा आजार, समाजातून बाहेर पडणं. वार्धक्यशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात या तिन्हींवर स्वतंत्र प्रकरणं असतात.

हा किल्ला म्हणजे दख्खनचा दरवाजा. तो ताब्यात घेतल्याशिवाय खाली उतरता येत नाही, हे अकबरालाही कळलं होतं. त्याच्या हाती तो लागला जानेवारी १६०१ मध्ये. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांनी तो घेतला. इतिहासाची पुस्तकं बहुतेक इथे संपतात. गडाच्या पायथ्याचं गाव मात्र चालू आहे. या पट्ट्यात निमाडी, खानदेशी, मराठी, कोरकू, बारेली आणि उर्दूमिश्रित हिंदी कानावर पडते. केळी-कापसाच्या रानात राबणाऱ्या हातांत साठी ओलांडलेले हातही असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यात निरोपसमारंभ नावाचा दिवस नसतो. हात चालतात तोवर काम, आणि हात थांबले की घरातल्यांची मर्जी.

समाजकार्य आणि वार्धक्यशास्त्र ही विद्यापीठीय जोडी मराठी मुलखात कशी उभी राहिली, ती कुणाच्या म्हातारपणाकडे पाहत वाढली आणि कुणाकडे तिचं उशिरा लक्ष गेलं, हे पाहायला असीरगडाची ही जागा बरी आहे.

नागपाड्यापासून देवनारपर्यंत

क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकामासाठी ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ चालवत होते. गिरणगावाच्या शेजारची, दाटीवाटीची, गरीब वस्ती. याच इमारतीत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण देणारी ही देशातली पहिली संस्था. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (‘टिस’) झालं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ १९४० पासून निघतं. जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रुग्णाला औषधाबरोबर घरी परतण्याची वाटही लागते, हे त्या नेमणुकीने सरकारदरबारी मान्य झालं.

सुरुवातीच्या काळात या शिक्षणाचं लक्ष मुलं, कामगार, गुन्हेगारी, कुष्ठरोग आणि वस्त्या यांच्यावर होतं. म्हातारी माणसं त्यात फारशी नव्हती आणि त्याला साधं कारण होतं. १९४१-५१ या दशकात भारतीयाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. साठी गाठणारे थोडे, आणि जे गाठत त्यांना एकत्र कुटुंब सांभाळतं, हा समज पक्का.

त्या समजाला संशोधकांनी हात घातला. माधव सदाशिव गोरे १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षं ‘टिस’चे संचालक होते, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दिल्ली परिसरातल्या अग्रवाल कुटुंबांवरचा त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ‘अर्बनायझेशन अँड फॅमिली चेंज’ या नावाने पुस्तकरूपात आला. शहरात आलं की एकत्र कुटुंब मोडतं, हे सरळ समीकरण त्यांना तसं सापडलं नाही. घरांची रचना बदलत होती, पण एकत्रपणाच्या कल्पना आणि जबाबदाऱ्या टिकून होत्या. ए. एम. शहा यांनी १९७३ च्या पुस्तकात घर आणि कुटुंब यांत फरक करायला शिकवलं आणि ‘पूर्वी सगळेच एकत्र राहायचे’ या आठवणीची उलटतपासणी केली. आयुष्यच कमी असलेल्या काळात तीन पिढ्या एका छपराखाली एका वेळी हयात असणं मुळात दुर्मीळ होतं. आजच्या म्हाताऱ्याची अडचण केवळ ‘मुलं बिघडली’ या वाक्यात मावत नाही, हे समजायला या दोन पुस्तकांची मोठी मदत होते.

मग के. जी. देसाई आले. त्यांनी आर. डी. नाईक यांच्याबरोबर बृहन्मुंबईतल्या निवृत्त माणसांच्या प्रश्नांचा अभ्यास केला आणि ‘टिस’ने तो प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये देसाईंनी संपादित केलेलं ‘एजिंग इन इंडिया’ आलं. त्याच वर्षी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांची वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद भरली. भारतातल्या म्हातारपणाचं अभ्यासक्षेत्र म्हणून नाव नोंदवलं गेलं ते साधारण याच काळात.

पहिला अभ्यास निवृत्तांचा होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. निवृत्त माणूस संशोधकाला सापडायला सोपा असतो. त्याची जन्मतारीख कार्यालयात नोंदलेली, निवृत्तीची तारीख ठरलेली, पेन्शनच्या रांगेत तो ठरावीक दिवशी हजर. प्रश्नावलीतलं ‘निवृत्त कधी झालात?’ हे वाक्य त्याला लगेच कळतं. पण २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतली सुमारे ७१ टक्के गावांत राहत होती. ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या माणसांतली एक तृतीयांशाहून अधिक माणसं अजून कामावर आढळली. अभ्यास जिथून सुरू झाला आणि माणसं जिथे होती, त्यांच्यात हे अंतर पडलं होतं.

शंभरी पाहिलेल्या माणसाच्या नावाची संस्था

पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षांचे होऊन गेले होते. मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये १९५५ पासून समाजकार्य शिकवलं जातच होतं. पुण्यातली संस्था त्या परंपरेत आली.

कर्व्यांचा उत्तरकाळ कुठल्याही वार्धक्यशास्त्रज्ञाला मोहात पाडेल असा. १९२९ मध्ये सत्तरी उलटल्यावर ते परदेशात व्याख्यानं देत फिरायला निघाले. ७८ व्या वर्षी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि ८६ व्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं. आज ‘सक्रिय वार्धक्य’ या नावाने परिषदांत जे मांडलं जातं, ते एका गृहस्थाने कुठलाही सिद्धान्त न मांडता करून दाखवलं होतं. पण कर्व्यांच्या पाठीशी संस्था होत्या, माणसं होती, वर्गणी देणारा समाज होता. ही जोड नसलेल्या माणसाकडून तसल्या म्हातारपणाची अपेक्षा ठेवता येत नाही.

पुण्यातच शरच्चंद्र गोखले यांची कारकीर्द घडली. समाजकार्यकर्ते, ‘केसरी’चे संपादक, मुलांच्या शिक्षणासाठी ‘कास्प’ संस्थेचे संस्थापक, कुष्ठरोगाच्या कामात आंतरराष्ट्रीय पातळीवर वावरलेले. इंटरनॅशनल फेडरेशन ऑन एजिंग या जागतिक संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. २००३ मध्ये त्यांनी पुण्यात इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटरची भारतीय शाखा उभी केली. मूळ केंद्र न्यूयॉर्कमध्ये १९९० साली रॉबर्ट बटलर यांनी काढलेलं. म्हाताऱ्यांविषयीच्या तुच्छतेला वंशभेदासारखंच नाव हवं, म्हणून ‘एजिझम’ हा शब्द रूढ करणारे हेच बटलर. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे ते पहिले संचालक होते आणि १९७६ मध्ये त्यांच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. गोखल्यांसारख्या माणसामुळे हा धागा थेट पुण्याशी जुळला. चळवळीतून संघटनेत, संघटनेतून धोरणाच्या टेबलाशी आणि तिथून पुन्हा लेखनाकडे, अशी त्यांची वाट होती. विद्यापीठाच्या शिडीवरून ती दिसत नाही, पण या क्षेत्रात अशा वाटेने आलेल्यांचं वजन मोठं.

महाराष्ट्राची आणखी एक खासियत म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ. फेस्कॉम ही त्यांची राज्यव्यापी संघटना १९८० पासून काम करते आणि हजारो संघ तिच्याशी जोडलेले आहेत. सकाळचा व्यायाम, वाढदिवस, सहली, नेत्रतपासणी आणि रेल्वे सवलतीसाठी निवेदनं. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी पाठवायला असे संघ सोयीचे पडतात: सभासदांची यादी तयार, माणसं बोलकी, चहा ठरलेला. अभ्यासाचा काटा पुन्हा पेन्शनरकडे झुकतो तो असाच.

कारकीर्द म्हणजे काय

या विषयात प्राध्यापक व्हायचं तर रस्ता समाजकार्याचा. एमएसडब्ल्यूची दोन वर्षं, त्यात आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष कामासाठी राखलेले. मग नेट किंवा पीएच.डी. आणि शिकवणं. नेट परीक्षेत समाजकार्य हा विषय आहे, वार्धक्यशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे म्हातारपणाचा अभ्यासक कागदोपत्री बहुधा समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्राच्या खात्यात बसलेला असतो. व्यवसायाला वकील-डॉक्टरांसारखी स्वतंत्र राष्ट्रीय परिषदही नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने वैद्यकीय आणि मनोरुग्ण-समाजसेवकांना निदान एका यादीत आणलं.

मुरली देसाई आणि शिवा राजू यांनी २००० मध्ये ‘जेरंटॉलॉजिकल सोशल वर्क इन इंडिया’ हा ग्रंथ संपादित केला. म्हातारपण आणि समाजकार्य या दोन टोकांना एका मुखपृष्ठावर आणणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय पुस्तकांत त्याची गणना होते. शिवा राजू पुढे २०११ च्या सात राज्यांतल्या वार्धक्य पाहणीच्या कामात होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या साहाय्याने झालेल्या या पाहणीत महाराष्ट्रही होता. देवनारलाच, टिसपासून जवळ, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर ‘लासी’ची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली. ४५ वर्षांपुढची ७२ हजारांहून अधिक माणसं, त्यांत साठीपुढची ३१ हजारांवर.

एवढ्या मोठ्या पाहणीत काम करताना अभ्यासकाला पहिला धडा मिळतो तो प्रश्नावलीचा. स्मृती तपासण्याची जगभर वापरली जाणारी फोल्स्टाइन यांची चाचणी १९७५ ची. तिच्यात वाचायचं असतं, एक वाक्य लिहायचं असतं. शाळेत कधीच न गेलेल्या बाईला तीच चाचणी दिली तर निरोगी बाईचेही गुण कमी पडणार. हरियाणात बल्लभगडला झालेल्या भारत-अमेरिका संशोधनात म्हणूनच निरक्षर माणसासाठी तोंडी प्रश्नांची हिंदी चाचणी घडवली गेली, आणि ‘लासी’ने तिचाच आधार घेतला.

मनाचं दुखणं मोजतानाही असाच फरक निघतो. ‘लासी’त साठीपुढच्या माणसांना डॉक्टरने नैराश्याचं निदान केल्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, ०.८ टक्के. लक्षणांवरून तपासलं तेव्हा ते ८.३ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ दहापट. ‘झोप नाही, जेवण जात नाही, करमत नाही’ असं सांगणाऱ्या आजीला घरात कुणी आजारी म्हणत नाही. ‘वयाचं आहे’ म्हणतात. सामाजिक कार्यकर्त्याचं शिक्षण या वाक्याशी भिडण्यासाठी असतं.

कागदावर असलेला आधार

१९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर आपली मालमत्ता मुलांत वाटून टाकतात आणि मग त्यांचं काय होतं, हे मराठी घराघरात ठाऊक आहे. त्या शोकांतिकेवर कायद्याचं उत्तर यायला सदतीस वर्षं लागली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचं पालनपोषण व कल्याण कायदा २००७ मध्ये आला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. अट कागदात किती स्पष्ट लिहिलेली असावी, यावर सर्वोच्च न्यायालयात दोन वेगळे सूर उमटले. डिसेंबर २०२२ च्या एका निकालात अटीवर कडक भर होता. २ जानेवारी २०२५ च्या निकालात, मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात, न्यायालयाने कायद्याचा हेतू ओळखून घर परत देण्याची बाजू घेतली.

या कायद्यात समाजकार्याला उघड जागा आहे. सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवू शकतं, आणि त्याला महिन्याभरात अहवाल द्यायचा असतो. निर्वाह अधिकारी ज्येष्ठाची बाजू मांडू शकतो. मूळ कलमात वकिलाला मज्जाव आहे. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये. बापलेकाला समोरासमोर बसवून, भांडण पैशाचं की अपमानाचं हे चाचपून, सुनेचं म्हणणंही ऐकून घ्यायचं असं हे काम आहे. मानसशास्त्र, कायदा आणि गावकी तिन्हींचं भान त्याला लागतं. ‘लासी’त या कायद्याची माहिती असलेले ज्येष्ठ सुमारे १२ टक्केच निघाले. मदतीसाठी १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांक ऑक्टोबर २०२१ पासून आहे.

एका जिल्ह्यातली तीन म्हातारपणं

आता पुन्हा तापीकाठी. बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ ला खांडव्यापासून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला नेपानगर. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना तिथे उभा राहिला आणि २६ एप्रिल १९५६ ला पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाकडे निवृत्तीची तारीख आहे, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब आहे, सेवेची नोंद आहे. बुऱ्हाणपूर शहरात यंत्रमाग आहेत. तिथे मजुरी कामाप्रमाणे मिळते. मागाच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या विणकराला कमी ऐकू येतं, धागा दिसत नाही, तेव्हा तो निवृत्त होत नाही, त्याची मजुरी घटते. तिसरा माणूस असीरगडाच्या पायथ्याचा, शेतमजूर किंवा एक-दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी. त्याचं काम मोसमावर, आणि घरात त्याचं वजन त्याच्या कामावर.

गरीब ज्येष्ठाला मिळणारी सरकारी रक्कम पाहिली की आणखी एक फरक आकड्यात उतरतो, तो दोन राज्यांमधला. मध्य प्रदेशात साठीपुढच्या गरीब ज्येष्ठाला सामाजिक सुरक्षा पेन्शन गेली काही वर्षं दरमहा ६०० रुपये मिळत आली आहे. केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी २०० आणि ऐंशीपुढे ५०० रुपये. सीमा ओलांडून रावेरला गेलं की श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये आहे, पण वयाची अट ६५ आहे आणि उत्पन्नाची मर्यादा वेगळी. एकाच बोलीत बोलणाऱ्या, एकाच बाजारात केळी नेणाऱ्या दोन गावांतल्या आजींच्या हातात महिन्याला पडणाऱ्या पैशांत अडीचपट फरक. मात्र म्हाताऱ्यांना सरकारी खर्चाने तीर्थाला नेणारी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना मध्य प्रदेशाने २०१२ मध्येच सुरू केली. महाराष्ट्रात ती आली २०२४ मध्ये.

पैशांतल्या या फरकाने घरातली वागणूक बदलते का? औषध नियमित येतं का, आजीचं म्हणणं ऐकलं जातं का, नातवाच्या वहीपेनासाठी ती नोट काढून देते तेव्हा तिचा शब्द किती चालतो? अर्थशास्त्रज्ञ अशा सीमारेषेला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. प्रयोगशाळा बांधावी लागत नाही, दोन राज्यांनी ती बांधून ठेवलेली असते. जळगाव, धुळे, खांडवा किंवा इंदूरच्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न मोटारसायकलवरून पाहता येतो. भाषाही अडत नाही. अर्थात कोरकू किंवा बारेली घरात ती अडते, आणि तिथे दुभाष्याच्या ऐवजी त्या समाजातलाच संशोधक तयार करणं हे विद्यापीठांचं काम आहे.

पहिली अडचण वयाचीच येईल. पायथ्याच्या वस्त्यांत सत्तरीच्या माणसाकडे जन्मदाखला क्वचित. आधार कार्डावर बहुतेकदा १ जानेवारी. पेन्शनची पात्रता याच तारखेवर ठरते, म्हणजे चुकीच्या एका ओळीने दोन-चार वर्षांचे पैसे जातात. पाहणी करणारे त्यासाठी घटनांचं कॅलेंडर वापरतात: अमुक दुष्काळात तुम्ही कुठे होता, लग्न झालं होतं का, पहिलं मूल किती मोठं होतं. असीरगडच्या परिसरात १९५६ हे वर्ष त्या कामी फार उपयोगी आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये नेपानगरच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि १ नोव्हेंबरला राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तोवर हा निमाड नागपूरच्या कारभाराचा भाग होता. ‘नागपूर राजधानी असताना चालायला लागला होतात का?’ अशा प्रश्नांवरून गावातल्या एखाद्या वृद्धाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. नव्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे, या वेळी मोबाइलवर. प्रगणकाच्या अ‍ॅपमध्ये वयाचा चौकोन असेल. या वस्त्यांत प्रगणक म्हणून बहुधा शाळेतले गुरुजीच येतील, आणि गुरुजींना १९५६ च्या त्या दोन्ही घटना माहीत असतील तर वयाच्या नोंदीतल्या काही चुका तिथेच टळतील.